न झालेला खुणांचा कोश

मी निवृत्त होईपर्यंत माझ्या मावसदिरांना वाटत राहिलं, की मी सरकारी अनुदान वाटते. दर दिवाळीला ते विचारायचे, “वहिनी, यंदा ठिबकचं काही निघालं का?” मी सांगायची, भाऊजी, आमचे पैसे नाटकाला, चित्राला, गाण्याला असतात. त्यावर ते थोडा वेळ माझ्याकडे बघत आणि म्हणत, “म्हंजे ठिबक नाई.”

त्यांचा दोष नाही. हे काम समजावून सांगायला मलाही बरीच वर्षं जमलं नाही. नागपूरच्या एका कुटुंबाने काढलेला ट्रस्ट होता, त्याचा एक निधी होता आणि वर्धा जिल्ह्याचं काम माझ्याकडे होतं. गावातला एखादा गट, म्हणजे बचत गट, भजनी मंडळ, शाळेची समिती, असं कोणीही आणि एक व्यावसायिक कलाकार यांनी मिळून काही घडवायचं असेल तर निधी मदत करी. अर्ज दोघांनी मिळून करायचा. तो आला की मी त्या गावात जाऊन बसायची, माणसांशी बोलायची आणि नागपूरला समितीपुढे सगळं मांडायची. मंजूर झालं तर काम सुरू. मध्ये एकदा भेट, शेवटी अहवाल.

अर्जात एक प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारलेला असे: या कामातून तुम्हाला काय हवं आहे? कलाकार त्याचं उत्तर दोन पानं लिहीत. गटाचं उत्तर दोन ओळींचं. मी आधी त्या दोन ओळी वाचायची.

गिरडजवळच्या एका भजनी मंडळाने लिहिलं होतं, ‘आम्हाला कलाकार नको. पण पाहिजे असं अर्जात लिहून आहे, म्हणून एक द्यावा.’ हिंगणीकडे एका चित्रकाराला शाळेच्या भिंतीवर वाघ काढायचा होता. बोरचं जंगल शेजारीच, तेव्हा त्याला ते सहज सुचलं. मी गेले तेव्हा शाळा समितीतली एक बाई म्हणाली, “वाघाच्या भेवानं आमी लेकरं एकटी शाळेत धाडत नाई, अन् तुमी त्यालेच शाळेत आणून बसवता?” मग काय काढायचं, असं विचारल्यावर मुलांनी एका सुरात समुद्र सांगितला. एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. चित्रकार हिरमुसला, पण त्याने समुद्र काढला, आणि त्यात मुलांनी बैलगाडी चालवली. ती भिंत अजून आहे.

अशा गोष्टी सांगायला लागले तर अंक पुरणार नाही. मला सांगायची आहे ती सिंदी रेल्वे या गावची. तिच्यात माझी चूक आहे, आणि माझ्या नोकरीत मला सगळ्यांत जास्त कुतूहल ज्याचं वाटलं तेही तिच्यातच आहे.

सिंदीला कापसाचा बाजार मोठा आणि जिनिंगही आहेत. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. लांब शेड, तिच्यात ओळीने यंत्रं. बाया मागच्या बाजूला उभ्या राहून यंत्रांत कापूस लोटतात. एका बाजूने रुई पडते, खाली सरकी. आवाज असा, की शेजारचीने कानात ओरडलं तरी कळत नाही. भुवयांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी बसते. दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो.

अर्ज तिथल्या एका बचत गटाचा होता. गटातल्या बाराही जणी एकाच जिनिंगमध्ये कामाला. सोबतचा कलाकार सुहास, नागपूरचा नाट्यदिग्दर्शक, चाळिशीतला, आमच्या समितीला चांगला माहीत असलेला. तो कोणाच्या तरी ओळखीने जिनिंग बघायला गेला होता आणि त्याला दिसलं, की या बाया आवाजात बोलत नाहीत, हातांनी बोलतात. पाणी आण, तुझं यंत्र अडकलं, घरी लेकरू आजारी आहे, आज बाजारात तूर काय भाव गेली, हे सगळं हातांनी, मान न वळवता, काम न थांबवता. सुहासने दोन पानं लिहिली होती. नाटक करायचं, त्यात शब्द नाहीत, फक्त या खुणा. आणि शेवटी सगळ्या खुणांचा एक सचित्र कोश काढायचा.

गटाच्या दोन ओळी अशा होत्या: ‘बसून करता येईल असं नाटक पाहिजे. दिवसभर उभ्या राहतो.’

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुसुमबाई मला शेडमध्ये घेऊन गेल्या. त्या गटाच्या अध्यक्ष, पन्नाशीच्या, वीस-बावीस हंगाम केलेल्या. मी एका खांबाला टेकून बघत होते. मध्येच कुसुमबाईंनी कानाची पाळी धरली आणि मनगट किंचित फिरवलं. ओळीतल्या सात-आठ जणी एकदम ताठ झाल्या, हात भराभर चालायला लागले. मग दारातून मुकादम आत आला. मुकादम म्हणजे बाया कामावर आणणारा आणि उद्या कोणी यायचं, कोणी नाही, ते ठरवणारा माणूस.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “ती कानाची खूण कसली?”

“कोणती?”

“आता केली ती.”

“कान खाजवत होती मी,” कुसुमबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही.

मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी खूश होते. समितीपुढे मी तो प्रसंग रंगवून सांगितला. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, नाटकाचे जाणकार. ते म्हणाले, “ही तर एक भाषाच आहे. नोंद व्हायलाच हवी.” निधी मंजूर झाला. आमच्या करारात चित्रीकरणाचं कलम असे. काम कसं घडत गेलं त्याची चित्रफीत कलाकाराने ठेवायची आणि अहवालासोबत द्यायची. गटाच्या बायांना ते कलम मीच वाचून दाखवलं. त्यांनी माना हलवल्या. कुठल्याही करारातलं कुठलंही कलम वाचलं की माणसं मान हलवतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुढचं पान उलटलं.

तालमी बाजाराच्या दिवशी समाजमंदिरात होत. त्या दिवशी जिनिंग बंद. सुहास मन लावून काम करणारा माणूस होता. सतरंजीवर बायांच्या बरोबरीने बसायचा, डब्यातलं खायचा. खुणा मात्र तो मागायचा आणि त्या त्याला आठच मिळाल्या होत्या. पाणी, चहा, सरकी, यंत्र बंद कर, अशा. त्याने शेडमध्ये तीसच्या वर मोजल्या होत्या.

वंदना गटातली सगळ्यांत लहान, लग्न होऊन चार वर्षं झालेली, हसरी. एका तालमीत सुहासने विचारलं, “मुकादमाला काय करता?” तिने पोटावर हात ठेवून दोनदा थापटला आणि गाल फुगवले. सगळ्या हसल्या. कुसुमबाई हसल्या नाहीत. सुहासच्या फोनवर समोर तिपाईवरून चित्रीकरण सुरू होतं.

तो तुकडा सुहासने त्याच्या एका नट मित्राला पाठवला. बघ काय सुंदर अभिनय आहे, एवढंच म्हणायला. मित्राने तो आणखी चौघांना दाखवला. आठवडाभरात तो तुकडा फिरत फिरत सिंदीत मुकादमाच्या फोनवर आला. मुकादम सकाळी शेडच्या दारात उभा राहिला, वंदना आली तसे त्याने स्वतःच्या पोटावर दोनदा थापटून दाखवलं आणि म्हणाला, “तू उद्यापासून येऊ नको.”

मला हे कळलं ते सुहासच्या फोनवरून. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “मी मुकादमाकडे जाऊन माफी मागतो,” तो म्हणाला. मी म्हटलं, थांब, आधी बायांना विचारू.

आम्ही दोघं कुसुमबाईंच्या घरी गेलो. अंगणात पाच-सहा जणी होत्या. वंदना नव्हती. सुहासने माफी मागितली, फोन काढून त्यांच्यासमोर ते सगळं चित्रीकरण पुसलं. कुसुमबाईंनी ते शांतपणे पाहिलं.

“तुमच्या फोनातलं गेलं. बाकीच्यांच्या फोनातलं?”

सुहासने फोन खिशात ठेवला.

मी म्हटलं, “चूक त्याची एकट्याची नाही. चित्रीकरण करा असं आमच्या कागदात होतं. तो कागद मी आणला होता.”

“मले आठवते,” त्या म्हणाल्या. “तुमी वाचून दाखवला होता. आमी हो म्हटलं होतं. आमाले वाटलं, नाटकाचे फोटो काढतीन.”

“मुकादमाशी मी बोलू का? मालकाशी?”

“नोका बोलू. तुमी बोलून जासान, आमी तिथंच राह्यणार हाओ.” मग म्हणाल्या, “पाहू आमी. तुमी आता घरी जा.”

माझ्या नोकरीत मला एवढ्या सभ्यपणे कोणी हाकललं नव्हतं. वर्ध्याला परतताना सुहास म्हणाला, “मी त्यांच्याकडे भाषा मागत होतो. त्यांनी ती कशासाठी केली, हे विचारलंच नाही.”

पुढे जे झालं ते मी पाहिलेलं नाही. नंतर वंदनाने सांगितलं आणि मालकाच्या कारकुनाकडूनही तेच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून बायांनी खुणा करणं बंद केलं. काम बंद केलं नाही, भांडण नाही, घोषणा नाहीत. फक्त हात कापसातून निघेनात. यंत्र अडकलं की जिचं अडकलं ती बाई हातातला कापूस खाली ठेवायची, ओळीच्या टोकापर्यंत चालत जायची, फिटरला शेडबाहेर बोलवायची आणि तोंडाने सांगायची. पाणी हवं असेल तर चालत जायची. कापूस संपत आला हे सांगायलाही चालत जायची. तोवर मागचं यंत्र रिकामं फिरायचं. आतापर्यंत हे सगळं एका हाताच्या हालचालीत होत होतं आणि फिटरपासून हमालापर्यंत सगळे त्या खुणांवर चालत होते. मालकाला ते कधी दिसलंच नव्हतं, कारण दिसण्यासारखं काही अडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः शेडमध्ये आला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्याने यंत्रं बंद करायला लावली आणि विचारलं, “काय चाललंय? सारख्या फिरून काऊन राह्यल्या?”

कुसुमबाई म्हणाल्या, “खूण केली तं बाई घरी बसते. म्हणून चालत जाऊन सांगून राह्यलो, मालक.”

मालकाने मुकादमाकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला पोटाची गोष्ट सांगावी लागली, सगळ्यांसमोर. कारकून म्हणाला, मालकाचं तोंड हसू दाबून लाल झालं होतं. त्याच दुपारी वंदनाला बोलावणं गेलं.

मी पुन्हा सिंदीला गेले ती प्रकल्प बंद करण्याचे कागद घेऊन. तसं करता येत असे. गटाने नको म्हटलं की थांबायचं. मी कागद काढले, तशा कुसुमबाई म्हणाल्या, “नाटक काऊन बंद करता? नाटक तं करायचं हाय.”

“पण खुणा?”

“त्या नाई मिळणार. दुसऱ्या करू.”

मला वाटतं, खरं काम तिथून सुरू झालं. आधी सुहास मागत होता आणि त्या देत किंवा लपवत होत्या. आता दोघांकडेही काही नव्हतं. नव्या खुणा सतरंजीवर बसून घडायला लागल्या. लांबच्या माणसाला हात कसा दिसतो, कुठे थांबवला की नजर त्यावर जाते, हे सुहासने शिकवलं. चेहरा कोरा ठेवून हाताने कसं रागवायचं, हे त्या सुहासला शिकवत होत्या. त्याला ते जमेना आणि बायांना त्याचीच मोठी करमणूक झाली. फोन दाराबाहेर खिडकीत ठेवलेले असत, माझासुद्धा. नाटकातल्या बारा जणी रुईच्या पोत्यांवर बसून असतात, त्यातली एक उठून जायचं ठरवते आणि बाकीच्या तिला हातांनी थांबवतात, मग हातांनीच वाट करून देतात, एवढीच गोष्ट. वीस-बावीस मिनिटांची.

प्रयोग सिंदीच्या एका शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी उजेड असताना झाला. निम्मं गाव आलं होतं. मालक आला, मुकादमही आला, पहिल्या रांगेत. सुरू होण्याआधी तो सुहासजवळ येऊन हळूच म्हणाला, “माही खूण हाय का यात?”

“नाही हो. काढली ती.”

“बरं,” तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मला तो थोडा नाराज वाटला.

नाटकाच्या शेवटी वंदना उठून पोत्यांमधल्या वाटेने निघून गेली आणि मागे अकरा जणींचे हात हवेत तसेच राहिले. टाळ्या वाजायला वेळ लागला. आमच्या समितीचे अध्यक्ष नागपूरहून आले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. ते कुसुमबाईंना म्हणाले, “तुम्ही जिनिंगमध्ये अगदी अशाच बोलता?”

“हो,” कुसुमबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्या वेळी तेच बरोबर वाटलं. पण अहवालात खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं. मी लिहिलं, की नाटकातल्या खुणा नव्याने केलेल्या आहेत, मूळ खुणा देण्यास गटाचा नकार आहे, म्हणून कोश होणार नाही, आणि हा नकार निधीने मान्य करावा.

समितीची ती बैठक मला अजून आठवते. अध्यक्ष दुखावले होते. मला वाटलं होतं त्या कारणासाठी नाही. “बाई, मला फसवलं याचं काही नाही,” ते म्हणाले. “पण आता कापूस ओढणारे नळ येतायत. यंत्रं स्वतःच कापूस घेतील. पाच वर्षांत या बाया तिथे नसतील. मग ही भाषा कुठे जाईल? कोणी तरी लिहून ठेवायला नको?”

हा प्रश्न खोटा नव्हता. आजही मला तो खोटा वाटत नाही. मी तो जसाच्या तसा सिंदीला नेला. कुसुमबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“नळ येणार हायेत, हे आमाले मालूम हाय,” त्या म्हणाल्या. “आमी गेलो तं खुणाही आमच्यासंगं जातीन. तुमच्या साहेबांले खुणांचं दुख हाय. आमचं काय होईन, हे त्याईनं विचारलं का?”

त्यांनी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

हे उत्तरसुद्धा मी समितीपुढे वाचलं. मग अध्यक्षांनीच सुचवलं, की गटाच्या पानावर एक प्रश्न वाढवू या: या कामातलं काय तुम्हाला बाहेर जाऊ द्यायचं नाही? माझ्या काळात अर्जात झालेला हा एकच बदल, आणि तो अध्यक्षांच्या नावावर आहे, माझ्या नाही. कोशाचं कलम वगळून प्रकल्प पूर्ण धरला गेला. पुढच्या वर्षांत त्या नव्या प्रश्नाखाली बहुतेक गट जागा कोरी सोडत. एका गावाने लिहिलं होतं, ‘आमच्या सरपंचाचं भाषण.’

सुहास आता दुसरीकडे मोठी नाटकं करतो. त्याचा फोन येतो तेव्हा तो अजून विचारतो, “बाई, त्या कानाच्या खुणेचं काही कळलं का?” मी नाही म्हणते. मला अंदाज आहे, पण अंदाज म्हणजे माहिती नव्हे.

निवृत्तीनंतर मागच्या हंगामात मी सिंदीला गेले. काम काही नव्हतं. जिनिंगमध्ये अर्ध्या शेडला नळ बसले होते आणि अर्धी तशीच होती. बारापैकी सहा जणी राहिल्या होत्या. दोघी शेतमजुरीला जातात, एकीने शिवणयंत्र घेतलं, बाकीच्या तिघींचं कुसुमबाईंनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खुद्द कुसुमबाईंना आता साफसफाईला लावलं होतं.

चहाची सुट्टी संपत आली होती. आम्ही शेडच्या दाराशी उभ्या राहून बोलत होतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे त्यांच्या हाताने काय केलं ते मला दिसलं नाही. पण शेडच्या पार दुसऱ्या टोकाहून वंदना एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलून घेऊन आली आणि माझ्यामागे ठेवली.

“बसा बाई. गुडघा दुखून राह्यला न तुमचा?”

मी गुडघ्याचं कोणाला बोलले नव्हते. “तुला कोणी सांगितलं?”

“कुसुमकाकीनं. आता.”

मी कुसुमबाईंकडे पाहिलं. “एवढं सगळं एका खुणेत?”

“नाई,” त्या म्हणाल्या. “तीन लागल्या. एक खुर्चीची, एक गुडघ्याची अन् एक तुमची.”

“माझी खूण आहे?”

“लय जुनी हाय. तुमी पयल्यांदा आल्ता, त्याच दिवशी केलती.”

“कोणती?”

आत कोणीतरी बटण दाबलं आणि यंत्रं एकामागून एक सुरू झाली. कुसुमबाई हसत होत्या. त्यांचे ओठ हलले, बराच वेळ हलत राहिले, पण मला एक शब्द ऐकू आला नाही.